सीटी १७ वाला बरा, ३१ वाली अजून खोकतेय

प्रश्न
आम्हा दोघांना एकाच दिवशी ताप आला. तिसऱ्या दिवशी स्वॅब दिला, दोघंही कोविड पॉझिटिव्ह. रिपोर्टमध्ये नवऱ्याची सीटी व्हॅल्यू १७, माझी ३१ (हा आकडा जितका कमी, तितका विषाणू जास्त म्हणे). तुझ्या नाकात विषाणूंचा पूर, माझ्या नाकात नुसते शिंतोडे, असं मी त्याला चिडवलंही. तो पाचव्या दिवशी ठणठणीत. माझा आज २१वा दिवस, बोलायला तोंड उघडलं की ढास लागते. हिशेब असा उलटा कसा? परत टेस्ट करू का?

प्रतिसाद १
मी लॅबमध्ये आरटी-पीसीआर लावते. मशीन विषाणूच्या जनुकीय मालाच्या फेरीफेरीने नकला काढतं, एक फेरी म्हणजे एक सायकल. कितव्या सायकलला मशीनने विषाणू पकडला, तो आकडा म्हणजे सीटी. दर सायकलला माल दुप्पट होतो, म्हणजे तुमच्या १४ सायकलींच्या फरकाचे झाले १६,००० पट. पण हे कागदावर! काडी नीट फिरली नाही तर नमुन्यात पेशीच कमी येतात आणि सीटी चढते. किट बदललं, जीन वेगळा धरला, तरी आकडा हलतो. काडी आत जाताना मान मागे घेतली होती का? (न घेणारा पेशंट मला अजून भेटायचाय.)

धागाकर्ती
घेतली होती. दोनदा.

प्रतिसाद २
मी डॉक्टर आहे. आकडा अचूक धरला तरी तो त्या एका दिवसाचा. कोविडमध्ये विषाणू लक्षणं सुरू होण्याच्या आसपास सर्वांत जास्त असतो, मग उतरत जातो. २१व्या दिवशीचा खोकला बहुधा त्याचा नसतोच. श्वासनलिकेचं अस्तर सोलवटलेलं, सुजलेलं असतं, थंड हवा किंवा हसणंही त्याला पुरतं. असा खोकला ३ ते ८ आठवडे रेंगाळतो, फ्लूनंतरही. दाखल झालेल्या रुग्णांच्या मोठ्या गटांत जास्त व्हायरल लोड (विषाणूचं प्रमाण) आणि गंभीर आजार यांचा संबंध दिसला आहे. पण त्यावरून एकाचा खोकला किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही.

परत टेस्ट नको. मेलेल्या विषाणूचे तुकडे कित्येक आठवडे पॉझिटिव्ह दाखवतात. सौम्य आजारात, प्रतिकारशक्ती ठीक असेल तर, १० दिवसांनंतर जिवंत विषाणू सहसा सापडत नाही. मात्र दम लागला, कफात रक्त दिसलं, ताप उलटला किंवा ८ आठवडे उलटले, तर छाती तपासून घ्या.

धागाकर्ती
टेस्ट रद्द. नवऱ्याला सगळं वाचून दाखवलं. तो म्हणतो, आधी ‘पूर’ हा शब्द मागे घे.