मदत हवी आहे : साखरेच्या पाण्यात बटाट्याचे वजन वाढले, मिठाच्या पाण्यात घटले, असे का?

डिचोलीची_बाई
नमस्कार. अकरावीच्या मुलांना परासरण (पेशीपटलातून पाण्याचे आत किंवा बाहेर जाणे) प्रत्यक्ष दाखवायचे म्हणून मी बटाट्याच्या सारख्या आकाराच्या फोडी मिठाच्या आणि साखरेच्या पाण्यात वेगवेगळ्या बुडवून ठेवल्या. मिठातल्या फोडी लुळ्या पडल्या आणि त्यांचे वजन घटले, ते अपेक्षितच होते. पण साखरेतल्या फोडी ताठ झाल्या आणि त्यांचे वजन थोडे वाढले. बाहेर विद्राव्य (विरघळलेला पदार्थ) जास्त असेल तर पाणी पेशीतून बाहेर पडते, असे पुस्तक सांगते. मग इथे उलटे का घडले? साखर पेशीपटलातून आत शिरली असे म्हणावे का? सोमवारी वर्गात हाच प्रयोग करायचा आहे. कृपया परासरणाची व्याख्या लिहू नये, कारण सांगावे.

खाजनकाठ
बाई, साखर किती, मीठ किती, पाणी किती आणि फोडी किती वेळ बुडवल्या होत्या? फोडी कच्च्या होत्या ना? एवढे कळल्याशिवाय दिलेले उत्तर हा निव्वळ अंदाज ठरेल.

तिवर
अंदाजाची गरज नाही, साखर आत शिरली हे उघड आहे. पेशीपटलात वाहक प्रथिने असतात आणि ऊर्जा खर्चून ती पदार्थ आतबाहेर नेतात. येन्स स्को यांनी १९५७ साली शोधलेला सोडियम-पोटॅशियम पंप दर खेपेस तीन सोडियम आयन बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आयन आत घेतो. त्यासाठी त्यांना १९९७ चे नोबेल मिळाले. गोव्यातल्या चोडणच्या खारफुटीत तिवर नावाच्या झाडाच्या पानांवर मिठाचे कण दिसतात, ते याच पंपाचे काम आहे. बटाट्यानेही मीठ बाहेर ठेवले आणि साखर आत घेतली.

खाजनकाठ
तिवराच्या पानांवर मीठ दिसते हे खरे, पण त्याचे श्रेय तुम्ही चुकीच्या पंपाला देत आहात. सोडियम-पोटॅशियम पंप प्राण्यांच्या पेशींचा आहे. वनस्पतींच्या पेशी प्रोटॉन बाहेर ढकलतात आणि त्यातून निर्माण झालेल्या उताराच्या (बाहेर जास्त, आत कमी अशा फरकाच्या) जोरावर सोडियम बाहेर काढतात किंवा रिक्तिकेत (पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत) साठवून ठेवतात. शिवाय साऱ्या खारफुटीची रीत एक नाही : तिवर पानांतल्या ग्रंथींतून मीठ टाकतो, तर कांदळ हे खारफुटीतले दुसरे झाड बरेचसे मीठ मुळांपाशीच अडवतो. आमच्या खाजनात (बांध घालून खाडीकाठी केलेल्या शेतजमिनीत) कोरगुट भात खाऱ्या जमिनीत तग धरते, तरीही पावसाने खार धुऊन निघाल्यावरच त्याची पेरणी होते, हेही लक्षात घ्यावे.

आरोग्यमित्र
याच संदर्भात सांगावेसे वाटते की जुलाब झाल्यास नुसते पाणी देऊ नये, जलसंजीवनी द्यावी. आतड्याच्या पेशीतले एक वाहक प्रथिन ग्लुकोजच्या एका रेणूसोबत सोडियमचे दोन आयन आत घेते आणि त्यांच्यामागोमाग पाणी शोषले जाते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात दर लिटरला ७५ मिलिमोल सोडियम आणि ७५ मिलिमोल ग्लुकोज असते.

डिचोलीची_बाई
माहिती उपयुक्त आहे, परंतु माझा प्रश्न बटाट्याचा आहे. फोडी अर्थातच कच्च्या होत्या. १०० मिलिलिटर द्रावणात एकात ५ ग्रॅम मीठ आणि दुसऱ्यात ५ ग्रॅम साखर होती. दोन्ही सारखेच घेतले होते, म्हणून मुद्दाम लिहिले नाही. दोन तासांनी वजन केले.

खाजनकाठ
उत्तर नेमके याच ‘सारखेच’मध्ये आहे. परासरण ग्रॅमवर चालत नाही, विरघळलेल्या कणांच्या संख्येवर चालते. साखरेचा रेणुभार ३४२, मिठाचा ५८.५, त्यात मिठाचे सोडियम आणि क्लोराइड असे दोन आयन सुटे होतात. तेव्हा तुमच्या साखरेच्या पाण्यात लिटरला सुमारे ०.१५ मोल (मोल हे कणांची संख्या मोजण्याचे एकक) कण होते आणि मिठाच्या पाण्यात सुमारे १.७ मोल, म्हणजे जवळजवळ बारापट. बटाट्याच्या पेशीतला रस साधारण ०.३ मोलच्या आसपास असतो. त्याच्या तुलनेत तुमचे साखरेचे पाणी अवपरासारी (कमी कणांचे) होते, म्हणून पाणी आत गेले आणि फोडी ताठ झाल्या. मिठाचे पाणी मात्र अतिपरासारी (जास्त कणांचे) होते. पुस्तकातले विधान बरोबर आहे, फक्त ‘जास्त’ म्हणजे पेशीतल्या रसापेक्षा जास्त, हे त्यात गृहीत धरलेले असते.

तिवर
पण मग साखर अजिबात आत जात नाही, असा आपला दावा आहे का?

खाजनकाठ
वाहक प्रथिनांवाटे जाते, तो आपला मुद्दा मान्य आहे. परंतु साखरेचा रेणू मोठा आणि ध्रुवीय असल्यामुळे पटलाच्या मेदाच्या दुहेरी थरातून तो सहज पार होत नाही आणि दोन तासांत फोडीचे वजन वाढवण्याइतकी साखर पेशींत शिरणे शक्य दिसत नाही. पाण्याची गोष्ट वेगळी आहे. त्याच्यासाठी पटलात ॲक्वापोरिन नावाची स्वतंत्र प्रथिन-द्वारे असतात. त्यांच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना २००३ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

तिवर
तर बाईंनी उकडलेल्या फोडीही सोबत ठेवाव्यात. उकडल्याने पटल निकामी होते, त्यामुळे फोड ताठ होणे हे जिवंत पटलाचे काम आहे की नाही, याचा निकाल मुलांसमोरच लागेल.

खाजनकाठ
ही सूचना उत्तम आहे, जरूर करावी. बाई, सोमवारसाठी २०.५ ग्रॅम साखर आणि १.७५ ग्रॅम मीठ वेगवेगळ्या भांड्यांत घेऊन प्रत्येकी एकूण १०० मिलिलिटर द्रावण करा. दोन्हींत लिटरला सुमारे ०.६ मोल कण येतील आणि दोन्हींतल्या फोडींचे वजन घटलेले दिसेल. तुमचे ५ ग्रॅम साखरेचे पाणीही शेजारी असू द्या, त्यातली वाढ पाहिल्याशिवाय मुलांना फरक कळणार नाही. फोडी एकाच बटाट्याच्या घ्या, साल ठेवू नका आणि वजन करण्यापूर्वी प्रत्येक फोड टिपकागदाने सारखीच टिपा, नाहीतर वरवरचे पाणीच वजनात मोजले जाईल.

डिचोलीची_बाई
आभारी आहे. १.७५ ग्रॅम मोजण्याइतका काटा आमच्या प्रयोगशाळेत आहे. उकडलेल्या फोडी कोणत्या द्रावणात ठेवाव्यात, एवढेच तिवर यांनी सांगावे.

तिवर
साध्या पाण्यात ठेवा आणि तिथेच शेजारी कच्ची फोडही ठेवा. कच्ची ताठ होईल, उकडलेली होणार नाही.