मदत हवी आहे: रेशनबद्दल माहिती अधिकाराचा अर्ज बायकांनी स्वतःच्या नावे करावा का?

नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते, विडी कामगार बायकांच्या बचत गटाचा हिशेब लिहिते. दिवाळीपासून आठवड्यातून एकदा, विड्यांचा माल देऊन बायका परतल्या की आम्ही माझ्या घरी बसतो. आधी फक्त सही शिकायची होती. मग एकीने कनवटीतून रेशनची पावती काढली आणि म्हणाली, ताई, हे वाचायला शिकवा.

पावतीवर ३० किलो होतं. घरात सहा माणसं, माणशी ५ किलो, हिशेब बरोबर. पिशवीत मात्र २६ च किलो. रोज तेंदूची पानं तोलून घेणारी बाई ती, पिशवी उचलताच तिच्या हाताला फरक कळला होता. कागद काय म्हणतो तेवढंच कळत नव्हतं. तेव्हापासून पावती हाच आमचा धडा. बऱ्याच जणींच्या घरात तेलुगू, म्हणून गहू-तांदळाची नावं दोन्ही भाषांत म्हणून घेतो.

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या सर्वांत मोठ्या बाईचं नाव असतं, हे सांगितलं तेव्हा एकीने कार्ड आणून स्वतःचं नाव बोटाने शोधलं. १९९४ साली राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनावणीत सरकारी कामांवरच्या मजुरांचे हजेरीपट गावासमोर मोठ्याने वाचले, ती हकिगतही सांगितली. लगेच ठरलं, आपण पावत्या वाचायच्या. चौदा जणींच्या पावत्या जमल्या, नऊ जणींचं वजन कमी निघालं.

इथपर्यंत छान चाललं होतं. पुरवठा कार्यालयात अर्ज करायचं ठरलं आणि दुकानापर्यंत बातमी गेली. "अर्ज केला तर कार्ड रद्द होईल" असं दोघींच्या नवऱ्यांना सांगण्यात आलं. तेल-साबणाची उधारीही त्याच दुकानात. त्या दोघी आता येत नाहीत. त्यांच्यावर मी अजिबात रागावलेले नाही. महिनाअखेरीची उधारी म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे.

अर्ज मी माझ्या नावाने उद्याच टाकू शकते. माहिती कशाला हवी, हे सांगावं लागत नाही. पण मग त्या शिकल्या कशासाठी? पुढच्या वेळी पुन्हा माझीच वाट बघायची का? म्हणून एक मनात आलंय: शेजारच्या वस्तीतल्या गटाने आमच्या दुकानाबद्दल विचारायचं, आम्ही त्यांच्या. असं कोणी केलंय का? आणि दुकान पातळीवरच्या दक्षता समितीत, म्हणजे रेशन दुकानाच्या कामावर लक्ष ठेवणाऱ्या समितीत, आमच्यातली एखादी जाऊ शकते का? कृपया अनुभव असेल तर सविस्तर सांगा.

प्रतिसाद:
ताई, अदलाबदल जरूर करा, कायद्याने काहीच आड येत नाही. कोणताही नागरिक कुठल्याही दुकानाची माहिती मागू शकतो. अर्ज १५० शब्दांत, एकाच विषयाचा ठेवा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालचा पुरावा जोडला तर फी माफ. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. पहिल्या अर्जात तक्रार लिहूच नका, फक्त त्या दुकानाची महिन्याची आवक-वाटप नोंद आणि दक्षता समितीच्या सदस्यांची यादी मागा. यादीत बायकांची नावं निघतील, त्यांतल्या कितीजणींना आपण सदस्य आहोत हे माहीत आहे ते घरी जाऊन विचारा. आमच्याकडे एकीला माहीतच नव्हतं.

मूळ धागाकर्ती:
यादीचं सुचलंच नव्हतं. खूप आभार. अर्ज मी लिहिणार नाही, मजकूर बायकाच सांगतील आणि सातवीपर्यंत शिकलेली एक जण लिहून काढेल. शेजारच्या गटाशी रविवारी बोलते. तेलुगूत माहिती अधिकाराची सोपी पत्रकं कोणाकडे असतील तर तीही हवी आहेत.