नर्सिंगच्या डिग्रीवरून पुन्हा एकदा

रात्रपाळी:
काल एकाने लिहिलंय, "बीएस्सी नर्सिंग म्हणजे सहा महिन्यांचं काम चार वर्षं ताणलेलं, शेवटी करायचं काय तर इंजेक्शनं." डोकंच फिरलं. अहो, पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता तसंच शिरेत ढकललं तर हृदय बंद पडतं, आणि घाईत ऑर्डर चुकीची लिहिली गेली तर देण्याआधी अडवणारी शेवटची व्यक्ती नर्सच असते. फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधांचं शास्त्र, काय हौस म्हणून शिकतो? शिवाय बाळंतपण, मानसिक आजार, वस्तीतलं आरोग्य, वॉर्ड चालवणं, हे सगळं कोण करतं?

स्पष्टच_बोलतो:
ते लिहिणारा मीच. वडील आयसीयूत होते, डिग्रीवाली पोरगी मॉनिटरवर ऑक्सिजन ९६ टक्के बघून खूश. जुन्या डिप्लोमावाल्या सिस्टरांनी चादर बाजूला केली, म्हणाल्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय, श्वास घ्यायला जोर लागतोय, डॉक्टरांना बोलवा. हे कुठल्या सेमिस्टरला असतं?

रात्रपाळी:
पहिल्याच वर्षी. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा, पेशंटला न सांगता.

चार्टवाला:
मोजतं कोण पण? कुठलाही चार्ट उघडा, १८, १८, २०, १८. अख्खा वॉर्ड एका तालात श्वास घेतो! तब्येत बिघडताना बऱ्याचदा आधी श्वासच वाढतो आणि नेमका तोच आकडा अंदाजपंचे.

फायनल_इयर:
मोजू कधी? आमचा निम्मा वेळ केअर प्लॅनच्या (कुठल्या पेशंटची काळजी कशी घ्यायची त्याच्या) फायली सजवण्यात जातो, समासाची रेघ वाकडी म्हणून मॅडमनी फाईल परत केली माझी!!

चार्टवाला:
रेघ सरळ आणि आकडे खोटे, वा.

रात्रपाळी:
एकटीवर वॉर्ड टाकून बघा मग बोला. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला २०१४ चा अभ्यास वाचा, युरोपातले ९ देश, डिग्रीवाल्या नर्स १० टक्क्यांनी जास्त तिथे ऑपरेशननंतर ३० दिवसांत मरण्याची शक्यता ७ टक्क्यांनी कमी.

स्पष्टच_बोलतो:
अर्धंच सांगता. त्याच अभ्यासात दर नर्समागे एक पेशंट वाढला की ती शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. आणि हा नुसता संबंध आहे, डिग्रीमुळेच वाचले असं सिद्ध होत नाही.

रात्रपाळी:
म्हणजे नर्स जास्त हव्यात हे मान्य ना? तेवढं तरी.

स्पष्टच_बोलतो:
हो बाई, मान्य. श्वास मोजणाऱ्या हव्यात. फायलीतल्या रेघा बंद करा, तीन वर्षांत होईल सगळं.

फायनल_इयर:
+१ रेघांपुरतं. तीन वर्षांचं बोलू नका, माझं चौथं चालू आहे.