प्रतिसाद: क्लिकर म्हणजे नुसती गंमत?

वर म्हटलंय की शंभर-सव्वाशेच्या वर्गात क्लिकर (मुलांनी बटण दाबून उत्तर नोंदवायचं छोटं यंत्र; फोनही चालतो) म्हणजे नुसती गंमत, हजेरीपलीकडे उपयोग नाही. हजेरीसाठीच वापरलं तर तसंच होणार! खरी करामत प्रश्नात आहे. हार्वर्डचे एरिक माझूर १९९१ पासून भौतिकशास्त्र प्रश्न, मतदान, आपापसांत चर्चा अशा पद्धतीने शिकवू लागले, तेव्हा मतदानासाठी आधी हात वर करणं नि उत्तराची कार्डं यांवरच भागवत.

माझा आवडता प्रश्न: चेंडू सरळ वर फेकला, अगदी वरच्या टोकाला त्याचं त्वरण किती? निम्मा वर्ग बिनधास्त 'शून्य' म्हणतो. उत्तर लगेच सांगायचं नाही. "शेजाऱ्याला पटवा" म्हणून दोन मिनिटं सोडायचं. काय कल्ला होतो! "अरे, वेग शून्य झाला, गुरुत्वाकर्षण कुठे गेलं?" हे वाक्य मागच्या बाकावरून आलं की माझं काम झालं. मग पुन्हा मतदान. पहिल्याच फेरीत जवळजवळ सगळे बरोबर असतील तर चर्चा फुकट, पुढे सरका.

मुलांकडे फोन नसतील तर प्लिकर्सची कागदी कार्डं बघा. आपल्या उत्तराप्रमाणे कार्ड फिरवून, हवी ती बाजू वर धरायची, शिक्षकाचा एकच फोन सगळी उत्तरं टिपतो. फक्त चकचकीत लॅमिनेशन करू नका, ट्यूबलाइट चमकते आणि कॅमेरा गोंधळतो.