शब्दचर्चा : ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह इमिग्रेशन रिफॉर्म’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

मुलांकडे अमेरिकेत राहायला आलेल्या आईवडिलांसाठी तिथल्या इमिग्रेशन कायद्यावर मराठीत टिपण लिहीत आहे. हा विषय त्यांच्या कानावर रोज पडतो, पण मराठीत नीट समजावून सांगणारे फार थोडे आहे. शीर्षक ‘सर्वंकष स्थलांतर सुधारणा’ असे केले, पण ‘सर्वंकष’ खटकतो. शिवाय अ‍ॅम्नेस्टीला ‘माफी’ आणि अनडॉक्युमेंटेडला ‘बेकायदा’ म्हटलेले चालेल का?

प्रतिसाद, पुणे

‘कष्’ म्हणजे घासणे, खरवडणे. सगळे खरवडून नेते ते सर्वंकष. सर्वंकष चौकशी, सर्वंकष विचार असे आपण म्हणतो, तेव्हा शब्द चूक नाही. पण ‘सर्वंकष सत्ता’ इतकी रुळली आहे की कायद्याला हे विशेषण लावले की धाकच आधी जाणवतो. ‘व्यापक’मधून नुसता पसारा कळतो. मी ‘समग्र’ घेईन.

‘स्थलांतर’ही सैल पडतो. बीडहून उसतोडीला जाणारे कुटुंबही स्थलांतरच करते. दुसऱ्या देशातून येऊन राहणे म्हणजे ‘आप्रवासन’, आणि येणारा तो ‘आप्रवासी’. वर्तमानपत्रांत दिसणारा ‘अप्रवासी’ कृपया घेऊ नका, त्याचा अर्थ ‘प्रवासी नसलेला’ असा होतो.

प्रतिसाद, डॅलस

‘समग्र’ला पूर्ण अनुमोदन. कारण या शब्दामागे एक अनुभव आहे.

१९८६मध्ये अध्यक्ष रेगन यांनी सही केलेल्या कायद्याने कागदपत्रांविना राहणाऱ्या सुमारे २७ लाख लोकांना कायम वास्तव्याचा हक्क मिळाला. कागदपत्रे नसलेल्यांना कामावर ठेवणाऱ्या मालकांना दंडही त्याच कायद्याने आला. पण बनावट कागद ओळखायची धड सोय नव्हती, आणि पुढे शेतांत, बांधकामांवर लागणार होती त्या माणसांसाठी पुरेशी कायदेशीर वाट ठेवली नव्हती. लोक येत राहिले. आज कागदपत्रे नसलेल्यांची संख्या एक कोटीच्या वर आहे. एक भाग केला आणि दुसरा सोडला, तर केलेलाही टिकत नाही, हे तिथे दिसले.

म्हणून २०१३च्या विधेयकात सगळे एकत्र बांधले होते: सीमेवर जास्त बंदोबस्त, नोकरी देण्यापूर्वी ई-व्हेरिफायची (कामाचा हक्क ऑनलाइन तपासण्याच्या यंत्रणेची) सक्ती, नव्या कामगारांसाठी व्हिसा, नोकरीमुळे मिळणाऱ्या ग्रीन कार्डांवरची (कायम वास्तव्याच्या परवान्यांवरची) देशवार मर्यादा रद्द. सिनेटमध्ये ते ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर झाले. प्रतिनिधिगृहात मतदानालाच आले नाही. मला आजही त्याची हळहळ वाटते.

आणि याच विधेयकामुळे ‘माफी’ हा शब्द मला पटत नाही. त्यात बहुतेकांना पार्श्वभूमीची तपासणी, दंड, थकलेला कर आणि नागरिकत्वापर्यंत साधारण १३ वर्षांची वाट होती. एवढे सोसून मिळते त्याला माफी कसे म्हणायचे? ‘अटींवर कायदेशीर दर्जा’ असे सरळ लिहा. ‘नियमित करणे’ही नको. आपल्याकडे ते अनधिकृत इमल्यांना चिकटले आहे, आणि इथे बोलणे माणसांबद्दल आहे.

प्रतिसाद, ठाणे

‘बेकायदा’बद्दल. ‘बेकायदा प्रवेश’, ‘बेकायदा वास्तव्य’ म्हणा, कारण कृती बेकायदा असू शकते. ‘बेकायदा माणूस’ म्हणू नका. असोसिएटेड प्रेस या अमेरिकन वृत्तसंस्थेने २०१३मध्ये आपल्या लेखनशैलीत हाच फरक केला. ‘घुसखोर’ तर अनेकांना लागूच पडत नाही. बरेच जण रीतसर व्हिसावर विमानाने आले आणि मुदत संपल्यावर राहिले. मुदतीनंतर नुसते राहणे हा अमेरिकेत सर्वसाधारणपणे फौजदारी गुन्हा नाही, दिवाणी स्वरूपाचे उल्लंघन आहे. त्यापायी देशाबाहेर काढता येते, हे खरे. ‘कागदपत्रांविना राहणारे’ हे लांब आहे, पण अचूक आहे.

प्रतिसाद, एडिसन

माझ्या मते खरी चर्चा ‘रांग’ या शब्दाची व्हायला हवी. ‘त्यांनी रांगेत उभे राहावे, आम्ही राहिलो तसे,’ असे आपल्याच मंडळींकडून ऐकते. पण हॉटेलात भांडी घासणाऱ्या, ज्याचे जवळचे कोणी अमेरिकन नागरिक नाही, अशा माणसासाठी बहुधा रांगच नसते. ‘रजिस्ट्री’ नावाची एक जुनी तरतूद आहे: फार वर्षांपूर्वी येऊन इथेच राहिलेल्याला अर्ज करता येतो. त्यासाठी १ जानेवारी १९७२च्या आधी आलेले असावे लागते. ही तारीख शेवटची पुढे सरकवली १९८६मध्ये, त्यानंतर कोणी हात लावलेला नाही.

आणि आपली रांग? नोकरीवरची ग्रीन कार्डे वर्षाला साधारण १ लाख ४० हजार. त्यात बायकामुलेही मोजली जातात, आणि साधारणपणे कोणत्याही एका देशाला ७ टक्क्यांहून जास्त नाहीत. भारताला तीच मर्यादा, आइसलंडलाही तीच. हे आकडे १९९०च्या कायद्यातले आहेत. २०२५मध्ये ईबी-२च्या (उच्चशिक्षितांच्या गटाच्या) भारतीय रांगेत २०१३ची पीडी (प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेत नंबर लावल्याची तारीख) चालू होती. जे आज फाइल करतात त्यांचा नंबर हयातीत लागेल असे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. मूल २१ वर्षांचे झाले की आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसामुळे त्याला मिळालेला एच-४ व्हिसा संपतो. बालवाडीपासून इथे वाढलेल्या मुलीला मग विद्यार्थी व्हिसा शोधावा लागतो, नाहीतर जो तिला नीट आठवतही नाही त्या देशात ‘परत’ जावे लागते.

टिपणात हे नक्की घ्या. कागद असलेले आणि नसलेले, दोघांचीही अडचण एकाच जुन्या कायद्यातून आली आहे. आपल्या लोकांना ती वेगवेगळी वाटते, म्हणून ते एकमेकांवर रागावतात.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. शीर्षक ‘अमेरिकेतील समग्र आप्रवासन सुधारणा’ असे करते. ‘अटींवर कायदेशीर दर्जा’ आणि ‘कागदपत्रांविना राहणारे’ जसेच्या तसे घेते. ग्रीन कार्ड, एचवन (नोकरीचा व्हिसा), पीडी यांना मराठी शब्द शोधत बसत नाही, घरात सगळे तेच बोलतात. ‘रांग’ आता वेगळा परिच्छेद होईल, आणि तो टिपणाच्या सुरुवातीला टाकते, कारण आईवडील पहिला प्रश्न तोच विचारतात: ‘तुझा नंबर कधी लागणार?’

एज आउटला, म्हणजे २१ वर्षे पूर्ण झाल्याने मुलाचा हक्क जाण्याला, मात्र शब्द सुचत नाही. ‘वय उलटणे’ लिहिले तर लग्नाचे वय आठवते. कोणाला सुचले तर सांगा.

प्रतिसाद, ठाणे

‘वयोमर्यादेमुळे हक्क जाणे’. लांब आहे, पण काय जाते ते त्यातून कळते.