चालताना मेंदूचं मापन: आठ चॅनलचं एफनिर्स पुरेल का?

निशिगंध: फिजिओथेरपीचा पदव्युत्तर प्रबंध करते आहे. चालताना मोटर कॉर्टेक्समध्ये (मेंदूच्या हालचाल घडवणाऱ्या भागात) काय घडतं ते एफनिर्सने, म्हणजे अवरक्त प्रकाशाने तिथल्या रक्तातला बदल टिपून, मोजायचंय. आठ चॅनलच्या (चॅनल म्हणजे प्रकाश सोडणारा सोर्स आणि तो टिपणारा डिटेक्टर यांची जोडी) यंत्रापुरतेच पैसे मंजूर झालेत, वर काही मिळणार नाही. घेताना काय बघावं?

दूरचा_तारा: चोवीसच्या खाली बघूच नका. आमच्याकडे 48 आहेत, दोन्ही बाजू एकदम दिसतात. आठमध्ये टोपी जराशी सरकली की दिवस वाया.

निशिगंध: बजेट वर लिहिलंय.

कापूसकोंडा: चॅनल राहू द्या, केसांचं बघा. माझे पहिले सहा जण केसांपायी बाद झाले. दाट काळे केस प्रकाश पिऊन टाकतात. आता प्रत्येक ऑप्टोडखालचे (प्रकाश सोडणाऱ्या किंवा टिपणाऱ्या टोकाखालचे) केस इअरबडच्या काडीने दोन्हीकडे सारते, कातडीची रेघ उघडी दिसली की मगच ऑप्टोड बसवते. एका डोक्याला चाळीस मिनिटं लागतात. वरून काळी टोपी हवीच, बाहेरचा उजेडही आत शिरतो.

मितभाषी: केसांबद्दल +१. आणि चोवीस चॅनल.

सोनचाफा: त्यापेक्षा ईईजी घ्या, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरींचं मापन. एफनिर्समध्ये रक्ताचा प्रतिसाद शिगेला पोचायलाच पाच-सहा सेकंद जातात.

कापूसकोंडा: चालताना मानेचे स्नायू ईईजीत किती घुसतात ते पाहिलंय का?

सोनचाफा: पाहिलंय. तुमच्याकडेही पाऊल आपटलं की आलेखात उड्या येतातच.

जुना_खेळाडू: हा वाद वेगळ्या धाग्यावर न्या. निशिगंधताई, विक्रेत्याला आधी शॉर्ट चॅनलबद्दल विचारा. नेहमीच्या चॅनलमध्ये सोर्स-डिटेक्टरचं अंतर 3 सेंमी, शॉर्टमध्ये साधारण 8 मिमी. शॉर्टचा प्रकाश डोक्याच्या कातडीतूनच परत येतो. चालताना ठोके वाढतात, कातडीतलं रक्त बदलतं आणि आपण तेच मेंदूचं समजून बसतो. याच कारणाने माझा पेपर परत आला, वर्ष गेलं. ऑक्सी (ऑक्सिजन असलेलं हिमोग्लोबिन) वर आणि डीऑक्सी (ऑक्सिजन नसलेलं) खाली असं दिसलं तर विश्वास ठेवा. दोन्ही एकदम चढले तर संशय घ्या.
आणि चालणं सोडा. पायाचा भाग दोन गोलार्धांमधल्या खाचेत दडलेला, आपला प्रकाश जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर आत जातो. उजव्या हाताची बोटं अंगठ्याला टेकवायला लावा, चॅनल डावीकडे सी3 (उजव्या हाताच्या भागावरचा डोक्यावरचा बिंदू) भोवती. 20 सेकंद काम, मग आराम, पण आरामाची लांबी दर वेळी बदला. रक्तदाबाची दर दहा सेकंदांची लाट असते, तिच्याशी ताल जुळला तर फसाल.

मितभाषी: बोटांना +१.

दूरचा_तारा: बोटंच. आणि चॅनल वाढवा.

निशिगंध: सगळ्यांचे आभार. यंत्र आठचंच घेते, त्यातले दोन शॉर्ट. पण मोजणार चालणंच. माझे रुग्ण पक्षाघातानंतर पाऊल टाकायला शिकताहेत, त्यांच्या बोटांवरून मला ते कळणार नाही. 2001 मध्ये मियाई आणि सहकाऱ्यांनी ट्रेडमिलवर चालणाऱ्यांचं मापन याच तंत्राने केलं होतं. उरलेले सहा चॅनल मध्यरेषेजवळ, सीझेड (टाळूवरचा मधला बिंदू) भोवती लावते. आधी स्तब्ध उभं राहणं, मग चालणं.

दूरचा_तारा: पस्तावाल.

कापूसकोंडा: काड्या जास्तीच्या ठेवा.