टीच ग्रँट: व्याजाची मेख

अमेरिकेत शिक्षक होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना सरकार टीच (TEACH) ग्रँट, म्हणजे अनुदान देतं. तिच्याबद्दल ‘वर्षाला 4000 डॉलरपर्यंत फुकट मिळतात, मुलीला डोळे झाकून घ्यायला सांगा’ असा सल्ला एकांनी दिलाय. घ्यावी जरूर, पण डोळे उघडे ठेवून. शिक्षण संपल्यावर 8 वर्षांत 4 वर्षं गरीब वस्तीतल्या शाळेत गणित, विज्ञान, स्पेशल एज्युकेशन (विशेष गरजा असलेल्या मुलांचं शिक्षण) असे ठरावीक विषय शिकवले नाहीत, तर सगळ्या रकमेचं कर्ज होतं. आणि व्याज लागतं ते पैसे मिळाले त्या तारखेपासून! मेख ही आहे.

पूर्वी तर इमानेइतबारे शिकवणाऱ्यांचीही ग्रँट, शिकवत असल्याचा दरवर्षीचा फॉर्म उशिरा गेला म्हणून, कर्जात गेली होती. 2018 मध्ये बोंबाबोंब झाल्यावर अमेरिकेच्या शिक्षण खात्याने ती प्रकरणं पुन्हा तपासायला घेतली. नियम आता बरेच सैल आहेत, तरी माझी भाची शाळेला सुट्टी लागायच्या आत प्रिन्सिपलची सही घेऊन फॉर्म स्कॅन करून ठेवते. उन्हाळ्यात शाळेच्या ऑफिसात चिटपाखरू नसतं.